जुन्या जंगलातले हिवाळी पक्षी : उल्हासनगरहून कर्नाळ्याला जाताना

कर्नाळा पक्षी अभयारण्य रायगड जिल्ह्यात, पनवेलच्या दक्षिणेला सुमारे १२ किलोमीटरवर, मुंबई–गोवा महामार्गाला लागून आहे. १९६८ साली ते जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरही नव्हते. २००३ मध्ये वाढवल्यानंतर ते १२.११ चौरस किलोमीटर झाले. राज्यातल्या मोठ्या अभयारण्यांपुढे हा आकडा किरकोळ आहे. तरीही येथे पक्ष्यांच्या २०० हून अधिक जातींची नोंद आहे आणि त्यांतल्या चाळीस-पन्नास जाती फक्त हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांच्या आहेत. एवढ्याशा जागेत इतके पक्षी मावतात, कारण कर्नाळा किल्ल्याच्या डोंगराला धरून जुने, मिश्र जंगल टिकून राहिले आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल अशा अंतरावर हिवाळी पक्षीनिरीक्षणासाठी याहून सोयीची जागा क्वचितच सापडेल.

जुने जंगल म्हणजे काय

जंगलाचे वय झाडांच्या बुंध्यांवरून जितके कळते, त्याहून जास्त त्याच्या थरांवरून कळते. लावलेल्या सागाच्या पट्ट्यात एका उंचीची, एका वयाची झाडे असतात. वर पाने, खाली उघडी जमीन, मधे काही नाही. कर्नाळ्याच्या ओढ्याकाठी उभे राहून खालून वर नजर नेली की चार-पाच थर दिसतात : पायाशी कुजत चाललेला पालापाचोळा, त्यावर झुडपे आणि कारवी, मग कोवळी झाडे, मग ऐन, किंजळ, बेहडा, कुंभा, आंबा, उंबर यांचे माथे, आणि या सगळ्यांना बांधून टाकणाऱ्या जाड वेली. मधूनच वाळून उभे राहिलेले एखादे झाड असते. एखाद्या म्हाताऱ्या आंब्याला ढोली पडलेली असते.

पक्ष्यांची घरे आणि जेवणाची ताटे या थरांमध्ये वाटलेली आहेत. कस्तूर पाचोळ्यात, ठिपकेवाला सातभाई झुडपात, माशीमार मधल्या फांद्यांवर, निखार आणि हळद्या माथ्यावर, सुतार वाळक्या खोडावर. म्हणून जुन्या जंगलात पक्षी शोधण्याची पहिली पायरी म्हणजे झाड वाचणे. कुठला पक्षी कुठल्या थरात आणि कुठल्या झाडावर असणार, एवढे डोक्यात ठेवून पाहणारा मनुष्य अर्ध्या किलोमीटरच्या वाटेवर जेवढे पाहतो, तेवढे झपाझप चालत डोंगर पालथा घालणाऱ्याला दिसत नाही.

केव्हा जावे

हिवाळी पाहुणे सप्टेंबरच्या अखेरीपासून यायला लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. त्यातही दोन भाग पडतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जंगल अजून हिरवे व दाट असते, ओढ्यात पाणी असते, पण पक्षी पानांआड लपतात. जानेवारीच्या अखेरीपासून पानगळ वाढते, पाणी आटत जाते, सावर आणि त्यामागोमाग पांगारा व पळस फुलू लागतात. तेव्हा पक्षी फुलांवर आणि उरलेल्या पाणवठ्यांवर गोळा होतात व उघड्या फांद्यांमुळे स्पष्ट दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा निवडावा.

दिवसातली वेळ महिन्याइतकीच महत्त्वाची आहे. जानेवारीत या भागात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. डोंगराच्या सावलीतल्या ओढ्यात ऊन पोहोचायला आणखी वेळ लागतो. उजाडल्यापासून साडेदहापर्यंतचे तीन तास सर्वांत दाट. उन्हाची पहिली तिरीप ज्या झाडाच्या शेंड्यावर पडते, तिथे किडे जागे होतात आणि पाठोपाठ पक्षी येतात. अकरा ते तीन जंगल गप्प असते. तीननंतर पुन्हा हालचाल सुरू होते, विशेषतः पाण्यापाशी. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सहलींची गर्दी होते. शक्य असेल तर मधला वार साधावा, नसेल तर प्रवेश सुरू होताच आत जाऊन गर्दी येण्याआधी मुख्य फेरी उरकावी.

कसे जावे

उल्हासनगर कॅम्प १ पासून कर्नाळा रस्त्याने सुमारे ५० किलोमीटर आहे. कॅम्प १ ला जवळचे स्टेशन शहाड. तेथून कल्याण, कल्याणहून ठाणे आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्गाने पनवेल असा लोकलचा प्रवास होतो. कल्याणहून शिळफाटामार्गे पनवेलला जाणाऱ्या बसनेही जाता येते. पनवेलच्या एसटी स्थानकातून पेण, अलिबागकडे जाणाऱ्या साध्या गाड्या अभयारण्याच्या दारावरून जातात. वाहकाला ‘कर्नाळा अभयारण्य’ असे आधीच सांगून ठेवावे. शिरढोण हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव मागे पडले की उतरण्याची तयारी करावी.

स्वतःच्या वाहनाने जाणाऱ्या अंबरनाथ-बदलापूरकरांना काटई–बदलापूर रस्त्याने नेवाळी, खोणी आणि तेथून तळोजामार्गे पनवेल हा रस्ता सोयीचा पडतो. पहाटे पाचला निघाल्यास उजाडता उजाडता दारावर पोहोचता येते. तासभर उशीर झाला तर तळोजा-कळंबोलीची अवजड वाहतूक सकाळचा सर्वांत मोलाचा तास खाऊन टाकते. प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क यांत बदल होत असतो, त्यामुळे निघण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी. वाहन व कॅमेऱ्याचे शुल्क वेगळे असू शकते. सुटे पैसे जवळ ठेवावेत.

बरोबर काय न्यावे

दुर्बीण ही एकमेव खरी गरज आहे. दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जंगलात प्रकाश कमी आणि पक्षी चंचल, म्हणून ८×४२ चांगली. १० पटींच्या दुर्बिणीत हात थोडा हलला तरी चित्र थरथरते आणि दिसणारा भागही लहान असतो. दुर्बीण वापरण्याची एक युक्ती घरीच गिरवावी : पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. नवखा मनुष्य आधी दुर्बीण लावतो आणि मग तिच्यातून पक्षी शोधतो. तोवर पक्षी उडालेला असतो. कॅम्पातल्या इमारतीच्या गच्चीवरून तारेवरच्या कोतवालावर आठवडाभर सराव केला तरी हात बसतो.

कपडे खाकी, शेवाळी किंवा मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे असावेत. पांढरा, लाल, पिवळा टाळावा. बूट जुने, पायाला सरावलेले असावेत, कारण करकरणारे नवे बूट पक्ष्यांना दुरूनच वर्दी देतात. पाणी माणशी दोन लिटर. डबा साधा : पोळी-चटणी, शेंगदाण्याचे लाडू, केळी. वेफरच्या पाकिटांचा कुरकुर आवाज जंगलात फार लांब जातो आणि रिकामे पाकीट माकडे पळवतात. छोटी वही, पेन्सिल, टोपी, प्रथमोपचाराची पुडी आणि कचरा परत आणायला एक कापडी पिशवी एवढे पुरे.

ओळखीसाठी एखादे सचित्र पक्षीपुस्तक हवेच. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ पासून आजवर अनेक पिढ्यांनी वापरले आहे. मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’मुळे पक्ष्यांची मराठी नावे हाताशी आली. मोबाइलवरचे मर्लिन हे अ‍ॅप आवाजावरून पक्षी सुचवते. ते सूचना म्हणूनच घ्यावे, पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय नाव पक्के करू नये.

वाटेवर : कुठे थांबावे

अभयारण्यात हरियाल आणि मोरटाका अशा नावांच्या निसर्गवाटा आहेत. हरियाल वाट सोपी आणि छोटी असून वयस्कर माणसे व लहान मुले यांना जमण्याजोगी आहे. मोरटाका वाट लांब आणि चढ-उताराची आहे. पहिल्या भेटीत एकच वाट धरावी. सुरुवातीला महामार्गाच्या गाड्यांचा आवाज पाठ सोडत नाही. तो मागे पडेपर्यंत चालावे आणि मग गती निम्मी करावी. वीस पावले चालून पाच मिनिटे थांबणे हा जंगलातला योग्य वेग. थांबण्याच्या जागा मात्र निवडून घ्याव्यात.

*पाणी.* ओढ्यातला डोह किंवा पाणवठा दिसला की दहा पावले अलीकडे, बुंध्याला पाठ लावून बसावे. सकाळी येथे करडा धोबी शेपटी वरखाली करत दगडावरून दगडावर जाताना दिसतो. शीळकरी कस्तूर पावसाळ्यात माणसाने शीळ घालावी तसा गातो. हिवाळ्यात तो गप्प असतो, पण ओढ्यापाशी त्याची काळीनिळी आकृती दिसू शकते. दुपार कलल्यावर स्वर्गीय नर्तक आंघोळीला येतो. फांदीवरून सूर मारून तो पाण्याला छाती लावतो आणि पुन्हा फांदीवर जातो. असे चार-पाचदा करतो. प्रौढ नर पांढराशुभ्र, डोके काळे आणि शेपटीतून दोन लांब फिती. तपकिरी रंगाचा दिसला तर ती मादी किंवा तरुण नर समजावा.

*उंबर आणि वडाची जात.* उंबर, वड, पायर, पिंपळ ही झाडे एकाच वेळी पिकत नाहीत. जंगलात एखादे पिकलेले असते आणि बाकीची नुसतीच उभी असतात. झाडाखाली फळांची टरफले आणि ताज्या विष्ठेचे ठिपके दिसले की झाड चालू आहे. वनरक्षकाला ‘सध्या कोणते झाड पिकले आहे?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी तासाची पायपीट वाचते. अशा झाडावर कुटुर्गा, बुलबुल, हळद्या आणि हरियाल यांची पंगत बसते. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पिवळ्या पायांचे हे हिरवे कबूतर पानांत इतके मिसळून जाते की एक फळ पडेपर्यंत समोरच्या फांदीवर सहा-सात हरियाल बसल्याचे लक्षातच येत नाही.

*वाळके खोड.* मेलेले झाड जंगलात रिकामे नसते. साल सुटलेल्या खोडात किडे असतात आणि किड्यांमागे सुतार येतो. कर्नाळ्यात दिसणारा एक लहानसा, आखूड शेपटीचा सुतार शोधण्यासारखा आहे. त्याच्या डोक्यावर अंगाच्या मानाने मोठा तुरा असतो आणि पंखांवर पत्त्यातल्या बदामासारखे काळे ठिपके. त्याला हृदयांकित सुतार म्हणतात. तांबूस सुतार मात्र झाडावर मुंग्यांनी बांधलेल्या काळपट घरट्यांभोवती शोधावा. तो मुंग्या खातो आणि त्याच घरट्यात पोखरून अंडीही घालतो. ढोल्यांचा उपयोग पोपट, मैना, धनेश आणि घुबडे करतात. म्हणून जळणासाठी किंवा नीटनेटकेपणासाठी वाळके झाड हलवले, तर अर्धा डझन जातींची घरे जातात.

*पाचोळा.* जमिनीवरची खसखस ऐकून दचकण्यापेक्षा तिची लय ऐकावी. सापसुरळी सरळ सूं करून पळते आणि थांबते. नारिंगी डोक्याचा कस्तूर दोन-तीन पाने चोचीने उलटवतो, थांबतो, पाहतो, पुन्हा उलटवतो. लाल चकोत्रीची जोडी पायांनी उकरते, तिचा आवाज जड आणि सलग असतो. पाचू कवडा चालताना जवळजवळ आवाजच करत नाही. तो बहुधा पायवाटेवरून उडताना हिरव्या पंखांच्या चमकेने दिसतो. राखी रानकोंबडा पहाटे ओरडतो. पण तो डोळ्यांना दिसणे नशिबाचा भाग.

*फुले.* फेब्रुवारीत फुललेली सावर दिसली की तिच्याकडे तोंड करून, सूर्य पाठीशी घेऊन अर्धा तास उभे राहावे. शिंजीर, हरेवा, मैना, कोतवाल असे सगळे मधासाठी येतात. पश्चिम घाटापुरता मर्यादित असलेला, लाल छातीचा विगर्सचा शिंजीर येथे दिसतो. आंब्यावरच्या बांडगुळाच्या झुबक्यात अंगठ्याएवढा फुलटोच्या असतो. बांडगुळाचे चिकट बी चोच व शेपूट घासून तो फांदीला लावतो आणि नवे बांडगूळ रुजवतो.

*आकाश.* दहानंतर ऊन तापले की गरम हवेच्या झोतावर शिकारी पक्षी वर चढतात. सर्पगरुड उडता उडता दोन-तीन सुरांची मोठी शीळ देतो आणि त्याच्या पंखाखालचा रुंद पांढरा पट्टा खालूनही दिसतो. मोकळ्या जागेत थांबून किल्ल्याच्या सुळक्याच्या वरचे आकाश पाहत राहावे.

मिश्र थवा

हिवाळी जंगलात बऱ्याचदा वीस मिनिटे काहीच दिसत नाही. मग अचानक दहा जाती एकाच झाडावर येतात आणि पाच मिनिटांत निघून जातात. हा मिश्र थवा. विणीचा हंगाम संपल्यामुळे पक्षी आपापल्या हद्दींत बांधलेले नसतात. निखारांची जोडी, सुभग, नीलमणी, वटवटे, एखादा सुतार आणि त्यांच्या मागेपुढे कोतवाल असे एकत्र फिरतात. जास्त डोळे असले की शिक्रा लवकर दिसतो, आणि एकाने उडवलेला किडा दुसऱ्याच्या तोंडी पडतो. कोतवाल राखणही करतो आणि लूटही करतो.

थवा आल्यावर नवख्याची धांदल उडते. एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर दुर्बीण नेताना एकही नीट दिसत नाही. त्यासाठी क्रम ठरवून घ्यावा. आधी थव्याची दिशा पाहावी. मग त्याच्या वाटेवरचे पुढचे झाड हेरावे आणि तिथे नजर लावावी. पक्षी एकामागून एक त्याच झाडातून जातात. आधी खालच्या थरातले आणि लवकर निसटणारे छोटे पक्षी पाहावेत. लालभडक निखार नंतर पाहिला तरी चालतो, तो लपत नाही. थवा गेला की त्याच्या मागे धावू नये. बहुतेक वेळा तो थोड्या वेळाने त्याच ओढ्यावरून परततो.

हिवाळी पाहुणे ओळखताना

हिमालयातून उतरणाऱ्यांमध्ये वर्डिटर माशीमार नजरेत भरतो. त्याचा रंग मोरचुदासारखा निळा-हिरवा, डोळ्यापुढे काळा डाग, आणि बसण्याची जागा उंच, उघडी फांदी. निळ्या डोक्याचा कस्तूर उलट स्वभावाचा. मधल्या फांदीवर मिनिटेच्या मिनिटे न हलता बसतो, मग पाचोळ्यावर उतरून किडा उचलतो. नराचे डोके आणि गळा निळा, पोट नारिंगी, पंखावर पांढरा डाग. मादी खवलेदार तपकिरी असल्याने सालीत मिसळून जाते. राखी कोतवाल शेंड्यावर बसतो. गावातल्या काळ्या कोतवालाहून त्याचा रंग फिका, पाटीसारखा, आणि डोळा लाल असतो.

लाल कंठाचा माशीमार त्याहून लांबून येतो. त्याची वीण पूर्व युरोप आणि पश्चिम आशियाच्या थंड जंगलांत होते आणि हिवाळा भारतात जातो. चिमणीहून लहान, शेपटी वर उचलून झटकण्याची सवय, काळ्या शेपटीच्या दोन्ही कडांना पांढरे डाग, आणि ‘टर्रर्’ असा कोरडा आवाज या चार खुणा पुरेत. लाल कंठ फक्त प्रौढ नराला असतो, म्हणून कंठ शोधत बसणाऱ्याला हा पक्षी ओळखता येत नाही.

हिरवट वटवट्या दिसायला सर्वांत सामान्य आणि संख्येने कदाचित सर्वांत जास्त. ‘चि-स्वी’ असा त्याचा तीक्ष्ण स्वर माथ्यावरून दिवसभर येत राहतो. तो ऐकू येऊ लागला की हिवाळा सुरू झाला आणि थांबला की पाहुणे परतले, असे खुशाल समजावे. या एका आवाजाची ओळख झाली की बाकीचे आवाज वेगळे काढणे सोपे जाते. सुरुवातीला हा आणि आणखी चार आवाज शिकावेत : कुटुर्ग्याचा ‘कुटूर-कुटूर’, सर्पगरुडाची शीळ, सुताराचा ठोका आणि श्यामाचे गाणे. भृंगराज मात्र सगळ्यांना फसवतो. शेपटीच्या दोन तारांना टोकाशी फुगीर पिसे असलेला हा कोतवाल शिक्र्यापासून हळद्यापर्यंत अनेकांच्या हुबेहूब नकला करतो. एकाच झाडातून पाठोपाठ तीन जातींचे आवाज आले, तर आधी भृंगराज शोधावा. अ‍ॅपही येथे चकू शकते.

नियम आणि धोके

अभयारण्याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ लागू आहे. परवानगीशिवाय प्रवेश, वन्यजीवांना त्रास देणे, आग पेटवणे, घरटी-अंडी हाताळणे हे गुन्हे आहेत. मद्य, फटाके आणि ध्वनिक्षेपक यांना आत थारा नाही. याखेरीज कायद्याच्या पुस्तकात न सापडणारे काही संकेत पक्षीमित्र पाळतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलावू नये. हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असे समजून पक्षी खाणे-पिणे सोडून त्याला शोधत राहतो. झोपलेल्या घुबडाची जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. छायाचित्रासाठी फांदी वाकवू नये, खाऊ टाकू नये. गट चार-पाच जणांचा असावा आणि बोलणे कुजबुजीत, कारण दहा जणांच्या रांगेतल्या शेवटच्याला पक्षी दिसत नाही.

हिवाळ्यातला सर्वांत नेमका त्रास खाजकुयलीचा. तिच्या मखमली तपकिरी शेंगा याच दिवसांत वाळतात आणि वाऱ्याने किंवा नुसत्या स्पर्शाने त्यांची कुसे अंगावर पडतात. आग झाली तरी चोळू नये. चोळल्याने कुसे आणखी आत जातात. चिकटपट्टी लावून ओढून काढावी, मग भरपूर पाण्याने धुवावे. वाट सोडून वेलींत न शिरणे हाच खरा उपाय. जमिनीवर बसण्यापूर्वी आणि दगड धरण्यापूर्वी जागा पाहून घ्यावी. सर्पदंश झाल्यास घरगुती इलाज न करता, रुग्णाची हालचाल कमीत कमी ठेवून थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

किल्ला हा वेगळा विषय आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ४४० मीटर उंचीवरचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये घेतला होता. त्याच्या अंगठ्यासारख्या बेसाल्टच्या सुळक्याला आग्या मोहोळे लागतात. सुळक्याजवळ आरडाओरडा, धूर, उग्र अत्तर आणि दगड मारणे या चार गोष्टी जिवावर बेततात. पक्षी पाहण्याचा आणि किल्ला चढण्याचा बेत एकाच सकाळी करू नये. चढणाऱ्याचे लक्ष पायांकडे असते आणि दम लागल्यावर दुर्बीण स्थिर राहत नाही.

नोंद कशी ठेवावी

वहीत तारीख, वेळ, वाट, हवामान, पक्ष्याचे नाव, अंदाजे संख्या आणि तो काय करत होता एवढे सात रकाने पुरेत. ओळख न पटल्यास नावाच्या जागी वर्णन लिहावे : आकार, चोच, शेपटी, रंग कुठे, कुठल्या थरात, आवाज. नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकल्या तर त्या संशोधकांनाही उपयोगी पडतात. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा, १२ नोव्हेंबर हा सलीम अली यांचा जन्मदिवस. फेब्रुवारीत जगभर चार दिवसांची पक्षीगणना होते. दर वर्षी या दोन वेळी तीच वाट चालून नोंद केली, तर चार-पाच वर्षांत त्या वाटेचा स्वतःचा इतिहास तयार होतो.

घराजवळचा सराव

कर्नाळ्याला महिन्यातून एकदा जाणे होईल, पण डोळे आणि कान रोज तयार ठेवावे लागतात. कॅम्प १ च्या रस्त्यांवरच्या जुन्या पिंपळावर तांबट, बुलबुल, दयाळ सहज दिसतात. उल्हास नदीच्या काठी धोबी, खंड्या, बगळे असतात. अंबरनाथच्या चिखलोली धरणाच्या काठी पाणपक्षी पाहता येतात. बदलापूरजवळचे बारवी धरणाभोवतीचे जंगल या पट्ट्यातले सर्वांत जवळचे मोठे जंगल आहे. धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे असल्याने बंदी असलेल्या भागात न जाता, वन विभागाला विचारून जंगलवाटेने फिरावे. श्यामा, कोतवाल, माशीमार यांची पहिली ओळख तेथे झाली, की कर्नाळ्यात वेळ नव्या पक्ष्यांसाठी उरतो.

पहिल्या फेरीत जातींच्या संख्येमागे लागू नये. पन्नास नावांची यादी घेऊन परतण्यापेक्षा पंधरा पक्षी थर, झाड, आवाज आणि वागणूक यांसकट नीट पाहिले, तर पुढच्या हिवाळ्यात ते पंधरा पुन्हा शोधावे लागत नाहीत.